परत फिरणाऱ्या विमानाची बाजू

(उज्जैन इथल्या मराठी स्मृती-व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



माझी सारी नोकरी विमानतळांवरच्या हवामान कार्यालयांत गेली. वैमानिक टेबलाशी यायचे, नकाशा बघायचे आणि विचारायचे, ‘साहेब, जाता येईल ना?’ या प्रश्नातल्या ‘ना’वर मी आज बोलणार आहे. तो ‘ना’ बहुतेक वेळा वैमानिकाचा नसतो. त्याच्या मागं कुणीतरी उभं असतं. ते कोण, हे शेवटाकडे सांगतो.

12 जून 2025 ला अहमदाबादेत एअर इंडियाचं मोठं विमान कोसळलं, 260 माणसं गेली. साऱ्या देशानं ते पाहिलं, आणि पाहायलाच हवं होतं. पण त्यानंतर तिसऱ्याच दिवशी, 15 जूनच्या पहाटे, केदारनाथहून निघालेलं एक बेल 407 हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळच्या जंगलात पडलं. सात जण गेले. त्यांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचं एक कुटुंबही होतं. ही बातमी किती दिवस टिकली? दोन? तीन? छोट्या विमानांचं हे असंच आहे. एका वेळी पाच जातात, सात जातात, दोन जातात. बातमी आतल्या पानावर सरकते आणि पुढच्या वर्षी तोच अपघात दुसऱ्या दरीत होतो. डोंगरांतल्या या अपघातांमागं मला तीन गोष्टी दिसतात: डोंगर, ढग आणि घाई.

तुम्हा उज्जैनकरांना या विषयाची ओळख मी करून द्यायला नको. 1810 पर्यंत शिंद्यांची राजधानी असलेलं हे गाव आहे. 30 सप्टेंबर 2001 हा दिवस इथल्या जुन्या घरांत अजून आठवत असेल. याच घराण्यातले नेते माधवराव शिंदे दिल्लीहून कानपूरच्या सभेला निघाले होते. सोबत चार पत्रकार होते. वादळी हवेत ते छोटं किंग एअर विमान उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ कोसळलं आणि आतले आठही जण गेले. आता मैनपुरी म्हणजे गंगा-यमुनेचा दुआब, तळहातासारखा सपाट मुलूख. डोंगर शोधून सापडायचा नाही. मग डोंगरांतल्या अपघातांच्या भाषणात मैनपुरी कशाला? त्याचं उत्तर दुसऱ्या मुद्द्यात येईल. आधी डोंगर बघू.

डोंगर जागचा हलत नाही. हलतो तो आपला अंदाज. 24 जानेवारी 1966 ला एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ हे विमान युरोपात मॉन्ट ब्लांकवर आदळलं. 117 माणसं गेली, त्यांत होमी भाभा होते. डोंगर मागं पडला अशी वैमानिकाची समजूत झाली होती. खालच्या रडारवरच्या माणसानं खरी जागा सांगितली, पण ती जशी सांगितली तशी पोचली नाही. डोंगर पुढं होता. त्याच पर्वतावर 1950 साली एअर इंडियाचंच ‘मलबार प्रिन्सेस’ आदळलं होतं. आपल्या सह्याद्रीतही असं घडलं आहे. जुलै 1962 मध्ये, पावसाळ्यातल्या रात्री, मुंबईला उतरायला निघालेलं इटलीचं विमान वेळेआधी खाली आलं आणि जुन्नरजवळच्या दावंड्याच्या डोंगरावर आदळलं. 94 जणांपैकी एकही वाचला नाही.

ही तिन्ही विमानं मोठी होती. ती का सांगितली? कारण मोठ्या विमानांचं हे दुखणं पुढं बरंचसं बरं झालं. डॉन बेटमन नावाच्या अभियंत्यानं जमीन जवळ आली की ओरडणारं यंत्र बनवलं. 1974 साली वॉशिंग्टनजवळ एका टेकडीवर विमान आदळून 92 माणसं गेली, तेव्हा अमेरिकेनं ते यंत्र प्रवासी विमानांना सक्तीचं केलं. पुढं त्यात जगभरच्या डोंगरांचे नकाशे भरले गेले. आज मोठं विमान चालत्या इंजिनानं, कुणाच्या ध्यानीमनी नसताना डोंगरात घुसलं, असं क्वचित ऐकू येतं. मागं राहिली ती छोटी विमानं आणि हेलिकॉप्टरं. त्यांच्यातल्या कितीतरींत हे यंत्र नसतं. असलं तरी दरीत उडताना चहूकडे डोंगरच असल्यामुळं ते सारखं ओरडत राहतं आणि वैमानिक कंटाळून ते गप्प करून ठेवतात. नेपाळात 29 मे 2022 ला पोखऱ्याहून जोमसोमला निघालेलं ट्विन ऑटर विमान डोंगरावर आदळलं. 22 जण गेले, त्यांत ठाण्याचे चार जण होते. नेपाळच्या चौकशी आयोगानं लिहिलं की विमान ढगात शिरलं, मार्ग सुटला आणि डोंगराची सूचना देणारं यंत्र तेव्हा बंद होतं.

छोट्या विमानाला दरी अवघड का जाते? थोडं गणित करू, घाबरू नका. ताशी 180 किलोमीटरनं चाललेलं विमान 30 अंश कलून वळलं, तर त्याचा वळसा सुमारे 900 मीटर रुंद होतो. दरी सातशे मीटरची असेल तर? परत फिरायचं ठरवलं तरी फिरता येत नाही. म्हणून डोंगरात शिकवणारे जुने गुरुजी सांगतात की दरीच्या मधोमध उडू नका. एका कडेनं उडा, म्हणजे वळायला पूर्ण रुंदी हाताशी राहील. आता चढाईचं बघा. मिनिटाला 150 मीटर वर चढणारं विमान त्याच मिनिटात तीन किलोमीटर पुढं जातं. म्हणजे किलोमीटरमागं चढाई अवघी पन्नास मीटर. सह्याद्रीचा कडा किलोमीटरमागं पन्नासच मीटर चढतो का हो? खोपोलीच्या बाजूनं घाट चढलेल्या माणसाला विचारा.

वर केदारनाथसारख्या ठिकाणी, साडेअकरा हजार फुटांच्या वर, हवा समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास उरते. पात्यांना धरायला हवा कमी आणि इंजिनाला जाळायलाही हवा कमी. त्यात वाऱ्याचा खेळ. वारा डोंगरावर चढतो त्या अंगाला विमान उचललं जातं आणि पलीकडच्या अंगाला तोच वारा त्याला खाली दाबतो. पावसाळ्यात सह्याद्रीवर वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून पुण्याच्या बाजूनं कोकणाकडे निघालेलं छोटं विमान कड्याजवळ पोचता पोचता खाली ढकललं जातं. ज्या घडीला उंची हवी त्याच घडीला ती हातची जाते.

उंचीमापकाचंही सांगून ठेवतो, कारण ते माझ्या खात्याचं काम. उंचीमापक उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची दाखवतो. दाब 10 हेक्टोपास्कलनं उतरला आणि वैमानिकानं नवा आकडा लावून घेतला नाही, तर काटा दाखवतो त्यापेक्षा विमान साधारण तीनशे फूट खाली असतं. आणि दाब उतरतो केव्हा? हवा बिघडते तेव्हा. म्हणजे ढग खाली आलेत, डोंगर दिसत नाही, आणि नेमकं त्याच दिवशी काटाही आपल्या बाजूनं खोटं बोलतो. विमानतळावर हा आकडा रेडिओवरून मिळतो. शाळेच्या मैदानावर आखलेल्या हेलिपॅडवर तो कोण देणार?

हा झाला डोंगर. आता ढग.

ढग दिसायला कापसासारखा, म्हणून आपण त्याला मऊ समजतो. मॉन्सूनच्या आगेमागे उठणारा गडगडाटी ढग आपल्याकडे 15 किलोमीटरपर्यंत उंच जातो, म्हणजे एव्हरेस्टहून कितीतरी वर. त्याच्या पोटात एका बाजूला हवा वर उसळत असते आणि दुसऱ्या बाजूला खाली कोसळत असते. गारा असतात, वीज असते. सपाट दुआबात हा डोंगर दोन तासांत उभा राहतो आणि संध्याकाळी नाहीसा होतो. मैनपुरी या भाषणात कशाला, याचं उत्तर हे. 2 सप्टेंबर 2009 ला आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी हैदराबादहून चित्तूर जिल्ह्यात लोकांना भेटायला निघाले. नल्लमलाच्या जंगलावर पावसाळी ढगांत त्यांचं हेलिकॉप्टर हरवलं. अवशेष सापडले दुसऱ्या दिवशी. त्यांच्या बाबतीत दोन्ही डोंगर एका जागी आले होते, दगडाचा आणि पाण्याचा.

पण ढगाची खरी करामत वाऱ्याची नाही, कानाची आहे. आपल्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत आणि त्यांत द्रव आहे. डोकं वळलं की नळी वळते, द्रव मागं राहतो, त्यावरून मेंदूला वळण कळतं. पाण्यानं भरलेला तांब्या हातात गोल फिरवून बघा. आधी तांब्या फिरतो, पाणी थांबलेलं असतं. फिरवत राहिलात की पाणीही तांब्याच्या वेगानं फिरू लागतं. कानात असंच होतं. विमान एका बाजूला कलून सारखं वळत राहिलं, की वीसेक सेकंदांत द्रव नळीला गाठतो आणि मेंदू म्हणतो, आपण सरळ चाललोय. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे ही चूक लगेच सुधारतात. ढगात क्षितिज नाही. पांढऱ्यात पांढरं.

मग काय होतं? वैमानिकाला वाटतं विमान सरळ आहे. काटे दाखवतात की ते डावीकडे कललंय आणि उंची उतरतेय. तो काट्यांवर विश्वास ठेवून विमान सरळ करतो, तर सारं अंग ओरडून सांगतं की आता आपण उजवीकडे पडतोय. अंगाचं ऐकून तो पुन्हा डावीकडे कलतो. उंची उतरतेय म्हणून दांडा मागं ओढतो. कललेल्या विमानाचा दांडा मागं ओढला की ते वर चढत नाही, आणखी घट्ट गिरकी घेतं. इंजिन ठणठणीत, पंख शाबूत, इंधन भरपूर, आणि विमान गोल गोल जमिनीकडे निघालेलं.

किती वेळ लागतो याला? 1954 साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठानं एक प्रयोग केला. काट्यांवर उडायचं शिक्षण न झालेले वीस जण घेतले आणि खऱ्या विमानात त्यांना ढगात शिरल्यासारखी स्थिती दिली. शेजारी शिक्षक होता, म्हणून सगळे वाचले. वीसपैकी किती जणांचा विमानावरचा ताबा सुटला? वीसच्या वीस. सरासरी वेळ 178 सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. माझ्या प्रास्ताविकाला याहून जास्त वेळ लागला!

कुणी म्हणेल, हे शिकाऊंचं झालं, मुरलेल्यांचं काय? 8 डिसेंबर 2021. कुन्नूरजवळ सरसेनाध्यक्ष बिपिन रावत यांचं एमआय-17 हेलिकॉप्टर पडलं, चौदा जणांचा जीव गेला. चालवणारे वायुदलाचे निवडक वैमानिक. तिन्ही दलांच्या चौकशीनं घातपात, यंत्रातला बिघाड आणि हलगर्जी, तिन्ही शक्यता बाजूला ठेवल्या. त्यांनी सांगितलं ते इतकंच की दरीतलं हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, वैमानिकांचं दिशाभान गेलं आणि ताब्यात असलेलं हेलिकॉप्टर डोंगराला धडकलं. पुढं डिसेंबर 2024 मध्ये संसदेच्या स्थायी समितीच्या अहवालात या अपघाताचं कारण छापून आलं: मानवी चूक, वैमानिक. एकाच घटनेची ही दोन वर्णनं शेजारी ठेवून वाचा. पहिलं वाचल्यावर पुढचे प्रश्न सुचतात. त्या दरीत हवामान कोण बघत होतं? ढग उतरल्याचं कुणी कळवलं का? दुसरं वाचल्यावर फाइल बंद होते. चूक माणसाची, माणूस गेला, विषय संपला.

इथं मी तिसऱ्या मुद्द्याकडे येतो. घाई.

आपल्याकडच्या या यादीत पुढारी इतके का, याचा विचार केलात? माधवराव शिंदे, राजशेखर रेड्डी. 3 मार्च 2002 ला खराब दृश्यमानतेत आंध्रात कैकलूरजवळ गेलेले लोकसभेचे अध्यक्ष बालयोगी. 30 एप्रिल 2011 ला तवांगहून निघालेले अरुणाचलचे मुख्यमंत्री दोरजी खांडू, ज्यांचं हेलिकॉप्टर पाचव्या दिवशी सापडलं. पुढाऱ्यांवर ढगांचा काही विशेष राग नाही. पुढाऱ्याचा दिवस एकामागून एक सभांनी बांधलेला असतो, आणि जिथं रेडिओ नाही, रडार नाही, वाऱ्याची दिशा दाखवणारा मोजा नाही अशा जागी तो उतरतो. यात्रेकरूंचंही तेच. सुट्टी चार दिवसांची, परतीचं तिकीट काढलेलं, हेलिकॉप्टरचा नंबर आज लागलाय. आज नाही तर कधी?

आणि सह्याद्री? 24 ऑगस्ट 2024 ला मुंबईहून निघालेलं एक हेलिकॉप्टर मुसळधार पावसात पौडजवळ पडलं. नशीब थोर, चौघेही वाचले. सहा आठवडे उलटायच्या आत, 2 ऑक्टोबरला सकाळी धुक्यात, त्याच मुळशी तालुक्यात बावधनला दुसरं पडलं. दोन वैमानिक आणि एक अभियंता गेले. ते खासदार सुनील तटकरे यांना आणायला जुहूकडे निघालं होतं. आत प्रवासी एकही नव्हता, म्हणजे मागं बसून घाई करणारंही कुणी नव्हतं. पण मुंबईत कुणीतरी वाट बघतंय हे ठाऊक असलं, की तेवढं पुरतं का? या अपघातात तसं घडलं असं मी म्हणत नाही. प्रश्न मात्र विचारून ठेवतो, कारण दुसऱ्या एका चौकशीनं त्याचं उत्तर दिलं आहे.

26 जानेवारी 2020. कॅलिफोर्नियातल्या टेकड्यांत, खाली उतरलेल्या ढगांत, बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांचं हेलिकॉप्टर पडलं. नऊ जण गेले. अमेरिकेच्या चौकशी मंडळानं बारकाईनं तपासलं: ब्रायंट यांनी घाई केली होती का? नाही. कंपनीनं? नाही. मग? वैमानिकानं स्वतःच स्वतःवर दडपण घेतलं होतं. नेहमीचा प्रवासी, मोठा माणूस, त्याला निराश कसं करायचं? आखलेला बेत पुढं रेटत राहण्याची ओढ, असं मंडळानं लिहिलं. सगळ्यांत चिवट दडपण हे असं असतं. ते कुणी बोलून दाखवत नाही, म्हणून त्याला नाहीही म्हणता येत नाही.

आता थोडं अवांतर, उज्जैनला येऊन कालिदासाला वगळून गेलो तर तुम्ही मला जेवायला देणार नाही. ‘मेघदूता’तला ढग रामगिरीहून, म्हणजे बऱ्याच अभ्यासकांच्या मते आपल्या रामटेकहून, हिमालयाकडे निघतो. घाई कुणाला? यक्षाला. एका वर्षाचा शाप, पलीकडे वाट बघणारी पत्नी. तरीही तो यक्ष मेघाला वाट वाकडी करून उज्जैनला जायला सांगतो. विरहात जळणाऱ्या माणसाला वळसा परवडतो, आणि आपल्याला सभेला अर्धा तास उशीर परवडत नाही!

मग करायचं काय? यंत्रं लागतील, पैसा लागेल, पण जगात सापडलेली उत्तरं फार महागडी नाहीत. अलास्काचं उदाहरण घ्या. तिथं गावं डोंगरांआड, रस्ते थोडे, छोट्या विमानाशिवाय गती नाही. अमेरिकेच्या विमान खात्यानं तिथल्या खिंडींत आणि धावपट्ट्यांवर दोनशेहून अधिक कॅमेरे बसवले. वैमानिक निघण्यापूर्वी पडद्यावर खिंडीचं आत्ताचं चित्र बघतो, शेजारी निरभ्र दिवसाचं चित्र असतं. डोंगर दिसत नसेल तर तो चहा मागवतो. अंदाज वर्तवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाच्या चार ओळींपेक्षा ते एक चित्र जास्त बोलतं, हे मी खुशीनं कबूल करतो.

हे सारं उज्जैनला का सांगतोय? जून 2024 मध्ये मध्य प्रदेश सरकारनं छोट्या विमानांची पर्यटन सेवा सुरू केली, तिच्या गावांत तुमचं गाव होतं. 2028 चा सिंहस्थ जवळ आला. छोटी विमानं, हेलिकॉप्टरं, घाईतले पाहुणे, सगळं इथं येणार. आणि माळवा सपाट आहे म्हणून निर्धास्त राहू नका. इंदूरहून ओंकारेश्वरकडे निघालात की विंध्याची कड ओलांडून नर्मदेच्या खोऱ्यात उतरावं लागतं, आणि पावसाळ्यात त्या कडेवर ढग बसलेले असतात. 2023 च्या जानेवारीत याच राज्यात, रीव्याजवळ, रात्रीच्या धुक्यात शिकाऊ विमान देवळाच्या कळसाला आणि विजेच्या तारांना धडकलं. मार्चमध्ये गोंदियाजवळच्या बिरसीहून उडालेलं दुसरं शिकाऊ विमान बालाघाटच्या डोंगरांत पडलं, शिक्षक आणि विद्यार्थिनी दोघंही गेली.

तेव्हा मागण्या करायच्या तर आत्ता करा, सिंहस्थाच्या बैठका चालू असतानाच. जिथं हेलिकॉप्टर उतरणार तिथं वारा आणि दाब मोजणारं यंत्र आणि वाटेवरच्या घाटात कॅमेरा हवा. उड्डाणाला हो-नाही म्हणणारा माणूस तिकीटविक्रीच्या हिशेबातून मोकळा हवा. हवामानामुळं रद्द झालेल्या फेरीचे पैसे प्रवाशाला बिनबोभाट परत मिळायला हवेत, म्हणजे खिडकीवर भांडण होणार नाही. आणि जो वैमानिक अर्ध्या वाटेतून परत आला त्याला कारण विचारलं जाणार नाही, हे कंपनीकडून लिहून घ्यायला हवं.

सुरुवातीला म्हटलं होतं, त्या ‘ना’च्या मागं कुणीतरी उभं असतं. मंडळी, ते आपण आहोत. साहेब दोन तास आले नाहीत म्हणून खुर्च्या वाजवणारे आपण. ‘पलीकडच्या कंपनीचं हेलिकॉप्टर गेलं की, तुमचंच का नाही?’ असं काउंटरवर ओरडणारे आपण. सगळ्यांत स्वस्त सुरक्षा-यंत्र आपल्याच हातात आहे, आणि त्याला सरकारी मंजुरी लागत नाही. पुढच्या वेळी मंडपात घोषणा होईल, ‘खराब हवामानामुळे साहेब येऊ शकत नाहीत.’ तेव्हा हुर्यो करू नका. टाळ्या वाजवा, जोरात वाजवा, शेजारच्यालाही वाजवायला लावा, आणि आणलेला हार संयोजकांच्या गळ्यात घालून घरी जा.

आता तुमचे प्रश्न घेतो. ‘साहेब, जाता येईल ना?’ एवढा सोडून कुठलाही विचारा.